झोपेला जागा नसलेली मुले

दादर, माहीम आणि माटुंगा या पट्ट्यात फुटपाथवर राहणाऱ्या मुलांसाठी आम्ही काही जण मिळून एक अभ्यासवर्ग चालवतो. या मुलांविषयी बोलणे निघाले की लोक भीक, उपासमार आणि चोऱ्यामाऱ्या यांच्याबद्दल विचारतात, आणि ते विचारणे गैर आहे असेही नाही. पण मुलांचे रोजचे जगणे जवळून पाहू लागल्यापासून मला सर्वाधिक अस्वस्थ केले आहे ते झोपेच्या अभावाने. अन्न कुठून ना कुठून मिळते, जुने कपडे मिळतात, सणावाराला तर खाण्याची पाकिटे उरतात इतकी येतात; झोप मात्र कोणी दान करू शकत नाही. तिच्यासाठी रात्रीतून कोणी उठवणार नाही अशी एक जागा लागते, आणि नेमकी तीच या मुलांकडे नसते. मुले वर्गात का पेंगतात, शाळा का सोडतात, नशेकडे का वळतात, या प्रश्नांची उत्तरे शोधताना मी फिरून फिरून याच ठिकाणी येऊन पोहोचते, म्हणून त्यांचा दिवस आणि त्यांची रात्र इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी ही मुले कोण, ते सांगायला हवे. रस्त्यावरचे मूल म्हटले की घरातून पळून आलेला, मागेपुढे कोणी नसलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. तशी मुले आहेत आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिणार आहे, पण ती संख्येने थोडी. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि अ‍ॅक्शनएड यांनी मुंबईत केलेली रस्त्यावरच्या मुलांची गणना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३७,०५९ मुले मोजली गेली आणि त्यांतली बहुसंख्य आपल्या कुटुंबासोबत राहणारी निघाली. म्हणजे या मुलांना आई आहे, बहुतेकांना वडील आहेत, आजी आहे, पाठची भावंडे आहेत, आणि तीन विटांची चूल मांडून रोज त्यांच्यासाठी भात शिजवणारे कोणीतरी आहे. नाहीत त्या फक्त भिंती. मूल पोरके आहे असे समजून केलेले उपाय आणि कुटुंब बेघर आहे असे समजून केलेले उपाय सर्वस्वी वेगळे असतात, आणि आपल्याकडे अजूनही पहिल्याच प्रकारचे उपाय जास्त सुचवले जातात.

आमच्या वर्गातली बरीच मुले पारधी कुटुंबांतली आहेत. त्यांचे आजी-आजोबा सोलापूर, धाराशिव, लातूर, जालना या भागांतून, कोणी १९७२ च्या दुष्काळात तर कोणी त्यानंतर, मुंबईत आले आणि आता तिसरी पिढी त्याच फुटपाथवर जन्मते आहे. इंग्रज सरकारने १८७१ पासून केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला त्यांत पारधीही होते. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी चौकात कोणाचे पाकीट हरवले की पहिला संशय कोणावर घेतला जातो, हे वर्गातल्या आठ वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. गावाकडे जमीन नाही, घर नाही आणि गावकऱ्यांचा विश्वासही नाही, त्यामुळे ‘हे लोक आपल्या गावी परत का जात नाहीत’ हा शहरातल्या लोकांचा आवडता प्रश्न त्यांच्या बाबतीत निरर्थक ठरतो.

त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो. दादर स्टेशनच्या पश्चिमेला फुलबाजार आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगडकडचा मोगरा आणि वसईची फुले तिथे उजाडण्याआधीच येऊन पडतात. गजरे विकणाऱ्या कुटुंबातली बाई कळ्या आणायला चार-साडेचारला उठते, ती उठली की तिच्या कुशीतले तान्हे उठते, आणि तान्ह्याला घ्यायला कोणीतरी हवे म्हणून आठ-नऊ वर्षांची मुलगी उठते. उरलेल्यांनाही सात वाजेपर्यंत उठावेच लागते, कारण दुकानांची शटर वर जाण्याआधी फुटपाथ रिकामा झाला पाहिजे, असा दुकानदारांशी अलिखित करार असतो. गोधड्या, पातेली आणि कपडे ताडपत्रीत गुंडाळून त्यांचे बोचके रेलिंगला किंवा झाडाच्या बुंध्याला बांधून ठेवतात. वह्या-पुस्तकेही त्याच बोचक्यात जातात, आणि अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी येऊन बोचके उचलून घेऊन गेली की तीही जातात. मुलाकडे वही का नाही, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा इतके सरळ असते.

त्यानंतरचा तासभर पाणी आणि शौचालय यांत जातो. सार्वजनिक शौचालयात दर खेपेला पैसे मोजावे लागतात, आणि पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला रोज दोन वेळा ते परवडत नाहीत, म्हणून लहान मुलांना रुळांकडेला किंवा गटाराकाठी बसवले जाते. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, या प्रकाराविरुद्ध मुंबईतल्या संस्था-संघटनांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती बहुतांशी नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या स्त्रियांची. फुटपाथवरच्या मुलींच्या दृष्टीने हा प्रश्न प्रवासातल्या अडचणीचा नसून चोवीस तासांचा आहे. वर्गातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुली उन्हातही पाणी नको म्हणतात. सुरुवातीला मला त्याचे नवल वाटे, पुढे त्यांच्यातल्याच एकीने स्पष्ट सांगितले, ‘टीचर, पाणी पिया तो फिर जाना पडता है।’ आंघोळ एक दिवसाआड, कुठे पाइपलाइनची गळती असेल तिथे, कपड्यांसकट. पिण्याचे पाणी एखाद्या सोसायटीच्या रखवालदाराच्या मेहेरबानीने मिळते, आणि रखवालदार बदलला की ते बंद होते.

दुपार गजरे ओवण्यात जाते. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलेल्या असतात, कारण त्या संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हातात पडताना उमलायला हव्यात. आधी उमलल्या की माल वाया गेला. आमच्याकडे येणारी एक दहा वर्षांची मुलगी पुलाखाली पाय पसरून बसते, दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवते, आणि दोन कळ्या या बाजूला, दोन त्या बाजूला, वर गाठ, असे इतक्या झपाट्याने करत जाते की पाहणाऱ्याला तिची बोटे वेगळी दिसत नाहीत. मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला असतो. त्याला हलवायचे नाही, म्हणून तिचे सगळे काम कमरेच्या वर चालते. तिला मी पाढे विचारले तर ती गप्प बसते, पण इतक्या रुपयांना एक तर चार गजऱ्यांचे किती आणि पाचशेच्या नोटेतून परत किती द्यायचे, हे तिला तोंडपाठ सांगता येते.

याविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण शाळेत या मुलांना सर्रास मठ्ठ ठरवले जाते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. विक्रीचे अवघड हिशेब तोंडी अचूक करणारी मुले कागदावर मांडलेल्या साध्या वजाबाकी-भागाकारात अडखळतात, आणि उलट शाळेत जाणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळतात, असे त्यांना आढळले. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या फेरीवाल्या मुलांबाबत १९८५ मध्येच असा अभ्यास झाला होता. आमच्या वर्गात आम्ही आता गणित तोंडी हिशेबापासून सुरू करतो आणि कागदावर नंतर येतो. फरक पडतो, पण तो मूल जागे असेल तरच.

कारण दुपारी दोन ते चार ही या मुलांची झोपेची पहिली संधी असते. उड्डाणपुलाखाली सावली असते, सिग्नलवर गिऱ्हाईक नसते आणि पोलिसांचीही वर्दळ कमी असते. सहा ते बारा वयाच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. या मुलांना ती सलग पाच तासही मिळत नाही, म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी गोळा करतात. ट्रकचे हॉर्न, मेट्रोच्या कामाचा खणखणाट, डोक्यावरून जाणाऱ्या गाड्यांनी हादरणारा पूल, यांतले काहीच त्यांना उठवत नाही. दुभाजकाशेजारी पुठ्ठ्यावर झोपलेल्या एका मुलाला मी अनेकदा पाहिले आहे. वाहतूक वाहती असते तोवर तो गाढ झोपलेला असतो, आणि सिग्नल लाल होऊन गाड्यांचा आवाज एकदम उतरला की तो डोळे उघडतो. शांतता म्हणजे कामाची वेळ, असे त्याच्या शरीराने शिकून घेतले आहे. गाड्या थांबल्यात आणि हातात विकायला माल नाही, हे लक्षात यायला त्याला क्षणभर लागतो, मग तो पुन्हा कुशीवर वळतो.

संध्याकाळी पाचपासून रात्री दहा-अकरापर्यंत धंद्याची खरी वेळ. सिग्नलवर विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे एक पंचांगच आहे. जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये कागदी तिरंगे, फाल्गुनात पिचकाऱ्या, मे महिन्यात गाडीच्या काचांना लावायच्या जाळ्या, जूनमध्ये छत्र्या आणि मोबाइलची प्लास्टिकची पाकिटे, डिसेंबरात सांताच्या लाल टोप्या. माल उधारीवर घेतलेला असतो, सण उलटून गेला की उरलेल्या मालाचे काही मोल राहत नाही, आणि तोटा घरच्यांच्या अंगावर पडतो. म्हणून सणाच्या आदल्या दोन-तीन रात्री मुले जवळजवळ झोपतच नाहीत. १४ ऑगस्टच्या रात्री साडेअकराला सहा-सात वर्षांचे मूल झेंडा घेऊन काचेवर टकटक करते तेव्हा आपल्याला त्याच्या आईबापांचा राग येतो. तो राग मलाही आला आहे. पण ती रात्र चुकली तर त्या घरावर काय कर्ज चढते, हे कळल्यावर रागाचा रोख बदलतो.

जेवणही झोप लांबवते. माहीमला मखदूमशहा बाबांच्या दर्ग्याच्या परिसरात काही हॉटेलांबाहेर माणसे ओळीने उकिडवी बसलेली दिसतात. येणारा-जाणारा कोणी हॉटेलवाल्याला दहा माणसांचे पैसे देतो आणि ओळीतल्या पहिल्या दहा जणांना जेवण मिळते. ही रीत मला मनापासून आवडते, कारण तिथे कोणी कोणाला जात-धर्म किंवा नाव-गाव विचारत नाही. लहान मुलेही त्या ओळीत बसतात. मात्र दाते बहुधा आपापली कामे उरकून रात्री उशिरा येतात, आणि मूल बसल्या बसल्या डुलक्या घेत आपला नंबर सांभाळत राहते.

आता रात्र. बारानंतर दुकाने बंद झाली की बोचकी सुटतात. भिंतीकडेला मुली, त्यांच्या पुढे आई, तिच्या पुढे लहान मुलगे आणि रस्त्याच्या कडेला बाप किंवा मामा, असा झोपण्याचा क्रम ठरलेला असतो, आणि वयात आलेल्या मुलीच्या पायाला आईच्या लुगड्याची दोरी बांधलेलीही मी पाहिली आहे, म्हणजे कोणी ओढले तर आईला कळावे. दारुडे येतात. पोलिसांची गस्त येते आणि काठीने फुटपाथवर आपटून उठवते. अतिक्रमणाची गाडी कधी कधी मुद्दाम पहाटे येते. भरधाव मोटार झोपलेल्या माणसांवर चढल्याच्या घटना या शहराने वेळोवेळी वाचल्या आहेत, आणि फुटपाथवरचा प्रत्येक बाप त्या लक्षात ठेवून कुटुंबासाठी झाडाच्या किंवा खांबाच्या आडोशाची जागा शोधतो. पावसाळ्यात यातले काहीच उपयोगी पडत नाही. जून ते सप्टेंबर कित्येक रात्री मुले एटीएमच्या पायरीवर, बंद दुकानाच्या छज्जाखाली, गुडघे पोटाशी घेऊन बसून काढतात, आणि आमच्या वर्गातली हजेरी जुलैत निम्म्यावर येते. अशाच एका पावसाळी संध्याकाळी मी एका मुलाला तोंड धुऊन यायला सांगितले तेव्हा त्याची आई धाराशिवकडच्या बोलीत म्हणाली, ‘ताई, निजू द्या की त्याला जरा, रातभर उभंच व्हतं लेकरू.’ आम्ही त्याला वर्गातच सतरंजीवर झोपू दिले. तेव्हापासून वर्गाच्या एका कोपऱ्यात सतरंजी नेहमीच अंथरलेली असते आणि ज्याला झोप येते त्याने झोपावे, असा नियम आहे. काही पालकांनी आणि देणगीदारांनी यावर नाराजी व्यक्त केली, पण मला तो वर्गातला सर्वांत शैक्षणिक कोपरा वाटतो.

एकट्या राहणाऱ्या मुलांचे जग वेगळे आहे. ती बहुधा लांब पल्ल्याच्या गाड्यांनी येऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, कुर्ला टर्मिनस किंवा कल्याणला उतरतात. कोणी सावत्र आईच्या किंवा दारुड्या बापाच्या माराला कंटाळून, कोणी कामाच्या आशेने, कोणी निव्वळ मुंबई पाहायला. रिकाम्या डब्यांतून पाण्याच्या बाटल्या वेचणे, शर्ट काढून डबा पुसणे, भंगार गोळा करणे ही त्यांची कामे. वेचलेले प्लास्टिक भंगारवाल्याकडून पुढे धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी जाते आणि त्याचा पुनर्वापर होतो. शहराच्या स्वच्छतेत या मुलांचा वाटा आहे, पण त्याची नोंद कोणत्याही खात्यात नाही. या मुलांच्या भोवती मोठ्या मुलांची टोळी असते. ती राखते आणि लुटतेही. कमाई जवळ ठेवली तर रात्री ती काढून घेतली जाते, म्हणून मुले मिळालेला पैसा झोपण्याआधी खर्च करून टाकतात. बचतीची सवय नाही म्हणून त्यांना बोल लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आणि याच मुलांत ‘सोल्युशन’ची, म्हणजे पंक्चर काढण्याच्या चिकट द्रवाची किंवा थिनरची नशा सर्वाधिक आहे. फडक्यावर ओतून ते नाकातोंडाशी धरतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यसनविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याची नशा हाच असा एक प्रकार आढळला, ज्याचे प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. तो स्वस्त आहे, कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळतो आणि विकणाऱ्याला वरकरणी काही गैर करत असल्यासारखे वाटत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला मादक पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलांना विचारले की ती का घेतात, तर उत्तर बहुधा एकच येते: भूक कळत नाही, थंडी वाजत नाही आणि झोप लागते. फुटपाथवर ज्या मुलाच्या शेजारी आई झोपते त्याला हे औषध सहसा लागत नाही, हे माझे निरीक्षण आहे.

कायदा या सर्व मुलांकडे दोन तोंडांनी पाहतो. बालन्याय कायद्याच्या भाषेत बेघर मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आहे. असे मूल सापडल्यावर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करायचे असते आणि समितीने त्याचे हित पाहून निर्णय द्यायचा असतो. दुसरीकडे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, ज्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करण्याच्या निमित्ताने भिक्षा मागणेही येते. म्हणजे पेन विकणारे मूल विक्रेता की भिकारी, हे पकडणाऱ्याने ठरवायचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली. महाराष्ट्रात, जिथे तो जन्मला, तिथे तो आहेच. त्यामुळे फुटपाथवरची आई गस्तीच्या गाडीकडे मदत म्हणून पाहूच शकत नाही. मुलांच्या तोंडी ‘डोंगरी’ हे नाव धाक म्हणून येते, कारण शहरातले मुलांचे जुने सुधारगृह-बालगृह तिथे आहे. आई-बाप असलेले मूल उचलून संस्थेत ठेवले आणि आई कागदपत्रांअभावी ते आपले आहे हे सिद्ध करण्यासाठी समितीच्या दारात दिवस दिवस बसली, असे घडते. तेवढ्या दिवसांत मुलाला छप्पर आणि झोप मिळते, हे खरे. पण आईला मुलासकट तेच छप्पर का देता येऊ नये?

हा प्रश्न नवा नाही. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या झोपड्या पाडून त्यांना शहराबाहेर घालवण्याचा प्रयत्न झाला, त्याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मानले, आणि त्याच निकालात योग्य सूचना देऊन फुटपाथवरून हटवता येईल असेही म्हटले. पुढे शहरांतल्या दर एक लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तास चालणारे निवारागृह असावे, असा दंडक ठरला. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, म्हणजे अशी सव्वाशेच्या आसपास निवारागृहे हवीत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही, आणि आहेत त्यांतही सबंध कुटुंबाला एकत्र राहता येईल अशी फार थोडी.

शाळेच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावे लागते. महापालिकेच्या शाळांतले शिक्षक, माझ्या अनुभवात, प्रवेशाला सहसा नाही म्हणत नाहीत. अडचण पुढे येते. सकाळी सातच्या शाळेत रात्री एकला झोपलेले मूल पोहोचत नाही, पोहोचले तर बाकावर झोपते, आणि आंघोळ झालेली नसल्याने त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. त्यातून निभावून दहावीपर्यंत गेलेल्यांना जातीच्या दाखल्याची भिंत आडवी येते. पारधी ही अनुसूचित जमात, आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या पणजोबांना एका गावात राहूच दिले गेले नाही, त्यांनी तो आणायचा कुठून, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणत्याही कार्यालयात मिळालेले नाही.

तरीही काय करता येते, याचे उत्तम उदाहरण ठाण्यात आहे. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महानगरपालिकेच्या साहाय्याने मालवाहू कंटेनरमध्ये ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. मुले जिथे राहतात आणि विक्री करतात तिथेच ती आहे. मुलांनी यायचे, आधी आंघोळ करायची, गणवेश घालायचा, खायचे आणि मग शिकायचे. दोन वर्षांत तिथल्या मुलांनी दहावीची परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. मुंबई-पुण्यात ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वस्तीपर्यंत शाळा नेण्याचे काम करते आहे. बसचा वर्ग करून तो फुटपाथपाशी उभा करण्याची कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली. शाळेने मुलाच्या दिवसाप्रमाणे आपला दिवस बदलला, हे या दोन्ही प्रयत्नांतले मर्म मला वाटते. रात्र मात्र दोन्हीकडे कुटुंबाच्या हवाली राहते, आणि म्हणूनच आमच्या गटाने आता रात्रीचा प्रश्न हाती घेतला आहे.

आमची मागणी साधी आहे. महापालिकेच्या शाळा रात्री रिकाम्या असतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रत्येक विभागातल्या एका शाळेचा तळमजला रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात आई आणि मुलांसाठी उघडावा, तिथले शौचालय वापरू द्यावे आणि फुटपाथवरच्याच बायकांमधून दोघींना मानधन देऊन देखरेखीला नेमावे. अर्ज दिला आहे. सुरक्षेची जबाबदारी कोणाची, हा आक्षेप आला. त्यावर देखरेखीची यादी, कुटुंबांची नावे आणि आमचे हमीपत्र अशी कागदपत्रे जोडून तो पुन्हा दाखल केला आहे.

दरम्यान, वाचणाऱ्यांपैकी जे या भागात राहतात त्यांना काही सांगायचे आहे. एकटे, भेदरलेले, नव्याने आल्यासारखे मूल स्टेशनवर दिसले तर १०९८ वर फोन करावा. १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झालेली ही मुलांची मदतवाहिनी आता सरकार चालवते, ती चोवीस तास चालू असते आणि फोनला पैसे पडत नाहीत. मूल कुटुंबासोबत असेल तर आधी आईशी बोलावे. आणि ज्यांच्या सोसायटीत तळमजल्यावर एखादी कोरडी खोली किंवा कपाट आहे, त्यांनी पावसाळ्यापुरती पाच-दहा मुलांची दप्तरे तिथे ठेवू द्यावीत. मुले रोज संध्याकाळी सहाला येऊन ती घेतील आणि रात्री आठला परत आणून देतील. माटुंग्यातल्या एका सोसायटीने गेल्या जूनमध्ये हे मान्य केले आणि त्या मुलांच्या वह्या सप्टेंबरपर्यंत टिकल्या. आणखी तीन-चार इमारती मिळाल्या तर आमच्या वर्गातल्या सगळ्यांची सोय होईल.